मळू नये

"तू बस गो," शत्रुघ्न म्हणाला आणि बाहेरच्या खोलीतली पांढरी प्लास्टिकची खुर्ची त्याने स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. "शुक्रवार माझो असता."

नर्मदा बसली. नवऱ्याने सांगितलं म्हणून बसली. स्वयंपाकघरात ती आजवर बसली नव्हती असं नाही. पण ते बसणं विळीवरचं, नाही तर चुलीपुढचं, नाही तर मांडी घालून तांदूळ निवडायचं. समोर गॅस पेटलेला असताना पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं, म्हणजे बाईला एक तर ताप असला पाहिजे, नाही तर ती पाहुणी असली पाहिजे. ताप तर नव्हता. तिने आपले हात पाहिले. चार दिवसांत त्यांना काही कामच नव्हतं. सोमवारी विमानातून उतरल्यापासून सकाळचा चहा तो करत होता, अंथरुणाच्या घड्या तो घालत होता, धुतलेले कपडे गॅलरीत तोच वाळत टाकत होता आणि दर तासाला विचारत होता, "बरा वाटता मां?" ती म्हणायची, "होय, बरा वाटता." कुवेतच्या हवल्ली भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली दुकानांच्या पाट्या दिसायच्या, समोरच्या गच्चीवर कबुतरं बसलेली असायची, फेब्रुवारीची गार हवा आत यायची, आणि तिला वाटायचं, मी इथे कोणाकडे आले आहे?

आता तो तिच्याकडे पाठ करून तांदूळ धूत होता. ही पाठ तिच्या फारशा ओळखीची नव्हती. गावी तिने त्याला पाहिलं होतं ते समोरून, पाटावर बसलेला, मान खाली घालून जेवणारा. इथे तो ओट्यापाशी उभा राहून, बाह्या दुमडून, न बघता डाव्या हाताने मिठाची बरणी उचलत होता आणि बरणी बरोबर जिथे असायला हवी तिथेच सापडत होती. ही जागा घेईपर्यंत दहा वर्षं सहा माणसांच्या खोलीत काढली होती त्याने. दर माणसाला एक वार, आणि शनिवारी आदल्या दिवसाचं उरलेलं. शुक्रवार सुट्टीचा, जेवण जरा नीट हवं, म्हणून तो शत्रुघ्नचा. हे त्याने तिला परवा सांगितलं, तेही सहज, मोरीतला नळ कसा फिरवायचा ते सांगावं तसं. दापोलीचा उस्मान त्याचा खोलीतला जोडीदार; तो काल गॅसचं सिलिंडर पोचवायला आला तेव्हा म्हणाला होता, "वहिनी, तुमच्या हातचं आता आम्हाला मिळेल, पण शत्रूभाऊच्या हातची पिठी आमची कायमची गेली." नर्मदा हसली होती. हसता हसता तिला कळलं होतं की आपल्या नवऱ्याच्या हातची चव पाच परक्या पुरुषांना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही.

तांदूळ शिजत ठेवून त्याने झाकण घातलं तेव्हा तिने पाहिलं, पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.

"किती जण येतले जेवूक?" तिने विचारलं.

तो पातेल्याकडे बघत राहिला. मग डोक्याला हात लावून म्हणाला, "सहा जणांचो टाकलंय. हाताक सवय झालीहा." आणि जरा ओशाळून हसला. ते हसू तिला आवडलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचं काहीतरी चुकलं होतं.

कुळथाची पिठी, भात, तळलेलं पापलेट, सोलकढी. एवढंच जेवण, असं त्याने सकाळीच जाहीर केलं होतं. पापलेटाला इथे झुबेदी म्हणतात, हेही सांगितलं होतं. कुळथाचं पीठ तिनेच आणलेलं. दर सुट्टीच्या शेवटी ती ते त्याच्या बॅगेत भरायची, सोलं, सुकट, पिठाच्या पिशव्या, प्रत्येकीवर रबर; आणि त्या भरताना घरात एक सुतकासारखी शांतता असायची. लग्न झाल्यावर दीड महिन्यात तो कुवेतला आला. लढाई नुकती संपली होती, मोडलेली दारं-खिडक्या बसवायला सुतार हवे होते. त्यानंतर दर दोन वर्षांनी दोन महिने. अशा चार सुट्ट्या. नर्मदेने एकदा दुपारी वाल सोलता सोलता हिशेब केला होता, तर सगळं मिळून साडेनऊ महिने भरले. एका बाळंतपणाचा काळ. तेवढ्यात त्यांचा दहा वर्षांचा संसार झाला होता, आणि त्यातून समिधा झाली होती, जी आता नऊ वर्षांची होती, चौथीत होती, आणि आजीपाशी राहून आईला फोनवर विचारत होती, "बाबा घरात चप्पल घालतत?"

त्या सुट्ट्यांत कधी भांडण झालं नाही. वाडीतल्या बायका म्हणायच्या, नर्मदे, तुझं नशीब. शेजारची गंगूबाई आणि तिचा नवरा तर सकाळी गोठ्यापासून सुरुवात करायची ती दिवेलागणीपर्यंत, म्हशीने लाथ मारली तरी एकमेकांवर. नर्मदा आपल्या परसात उभी राहून ते ऐकायची. आधी मजा वाटायची, मग एके वर्षी तिच्या लक्षात आलं की आपण कान देऊन ऐकतो, जसा भुकेला माणूस दुसऱ्याच्या घरातला फोडणीचा वास घेतो तसा. आपला माणूस येतो तेव्हा घर सारवलेलं असतं, नवी चटई काढलेली असते, माशातला मधला तुकडा त्याच्या ताटात पडतो, सासूबाई आवाज चढवत नाहीत, समिधा परकर सावरून उभी राहते. आणि तो प्रत्येक घासाला म्हणतो, "बरा झाला." आमटी असो, घावन असो, अळवाचं फदफदं असो. "बरा झाला." ती त्या दोन शब्दांवर पुढची दोन वर्षं काढायची. बांगड्याच्या आमटीत तिरफळं घातली त्या दिवशी तो दोनदा म्हणाला, म्हणून ती दर सुट्टीत दिवसाआड तीच आमटी करायची.

आता तो फोरमन झाला होता, म्हणून कुटुंब आणायची परवानगी मिळण्याजोगी झाली होती. सध्या ती पाहुणी म्हणून आलेली, तीन महिन्यांच्या कागदावर. परवा रात्रीच्या जेवणानंतर त्याने विषय काढला होता, तोही भिंतीकडे बघत. "शनिवारी मंदूबाक सांगूक व्हया," तो म्हणाला. मंदूब म्हणजे कंपनीचा माणूस, कागदांसाठी सरकारी कचेऱ्यांत खेपा घालणारा. "तुका हयसर बरा वाटला तर पासपोर्ट देवया, तो कायमचो कागद करतलो. मगे एप्रिलात परीक्षा झाली काय समिधाक हाडूया. नाय बरा वाटला तर पंधरा दिवसांनी तिकीट काढूया तुझा. तुझी मर्जी. माझी जबरदस्ती नाय." आणि उठून ताटं घासायला गेला. तिचं ताटसुद्धा. नर्मदा अंथरुणावर बराच वेळ जागी होती. तुझी मर्जी. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो तसं. या माणसाला मी हवी आहे की नको आहे? दहा वर्षं स्वतःचं स्वतः करून याला सगळं येतं. मिठाची बरणी कुठे आहे ते माहीत आहे. मग मी इथे येऊन काय करू, खुर्चीत बसू? आज शुक्रवार होता. उद्या सांगायचं होतं. काय सांगायचं ते तिला अजून ठरवता येत नव्हतं, आणि त्याला तर काही सुचवायचंच नव्हतं.

पिठी गॅसवर रटरटायला लागली तसा त्याने आच मंद केली आणि फ्रिजवरून प्लायवूडचा एक तुकडा खाली काढला. वीतभर लांब, कडा घासलेल्या, त्यावर सुताराच्या शिसपेन्सिलीने काहीतरी खरडलेलं. तो तुकडा त्याने भिंतीला टेकवून उभा केला, त्याच्याकडे पाहिलं आणि मैदा मोजायला लागला. कसल्या तरी कपाटाची मापं असतील, असं तिला वाटलं.

"आता काय करतास?"

"सफरचंदाचो एक प्रकार आसा. टार्ट. फ्रेंच लोक करतत," तो म्हणाला, आणि मग, हात चालू ठेवून, चार दिवसांत एकदाही बोलला नव्हता इतकं बोलला. दोन वर्षांपूर्वी सलव्याला एका फ्रेंच बाईच्या बंगल्यात त्याने आणि उस्मानने अख्खं किचन बसवलं होतं. तीन आठवडे काम चाललं. बाई भली. काम चालू असतानासुद्धा दर गुरुवारी मुलांसाठी भट्टी पेटवायची, लाकडाच्या भुशातच एका कोपऱ्यात टेबल मांडून. तिला हिंदी येत नव्हतं, याला फ्रेंच येत नव्हतं. पण काम बघून शिकायची त्याला सवय होती. रंधा धरायला बापाने कुठे शब्दांनी शिकवलं होतं? तो बिजागऱ्या बसवता बसवता मान वाकडी करून बघायचा. पहिल्या गुरुवारी बाईने दोघांना चहाबरोबर एकेक तुकडा दिला. तो खाल्ला आणि, शत्रुघ्न म्हणाला, "माका वाटला…" आणि थांबला, आणि लोण्याचं पाकीट फ्रिजमधून काढू लागला. काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. नर्मदेने विचारलंही नाही. पाहुणीने किती विचारायचं?

थंडगार लोण्याचे चौकोनी तुकडे त्याने मैद्यात टाकले आणि नुसत्या बोटांच्या टोकांनी ते पिठात चोळायला लागला, हलक्या हाताने, जणू पिठाला गुदगुल्या करतोय. पिठाचा रवाळ भुगा झाला. साखर घातली, बर्फाचं पाणी चार चमचे शिंपडलं, भुगा कसाबसा एकत्र दाबला. भेगाळलेला, खडबडीत, मध्ये पांढरे लोण्याचे ठिपके दिसणारा एक गोळा झाला. तो त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि फ्रिजमध्ये ठेवला. ठेवताना त्याच्या तोंडावर समाधान होतं. नर्मदेला भडभडून आलं. बिचारा, तिच्या मनात आलं. दहा वर्षांत याला कोणी कणीकसुद्धा मळायला शिकवली नाही.

सफरचंदं घरात दोनच निघाली, आणि लिंबू नव्हतं. नमाजाच्या वेळेला जमिया बंद होते, म्हणजे इथलं सोसायटीचं मोठं दुकान. त्याआधी जाऊन येतो, असं म्हणून तो पायांत चपला सरकवून खाली गेला. "तू बस. टीव्ही लाव हवो तर." जिन्यावरची पावलं उतरत उतरत नाहीशी झाली, आणि घर एकदम तिचं झालं.

ती उठली. आधी नुसतीच ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. गार फरशी तळव्यांना लागली. पिठीचा खमंग वास, लसणाचा, आमसुलाचा. डोळे मिटले तर गाव. तिने डाव हलवला, चव घेतली. पिठी उत्तम झाली होती, आणि त्याने तिला थोडा रागच आला. सोलकढीसाठी नारळाचं दूध काढावं म्हणून तिने फ्रिज उघडला आणि समोर तो गोळा दिसला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, टाचेला भेगा पडल्यासारखा. तिने तो बाहेर काढला. बोटाने दाबला तर तुकडाच पडला. असलं पीठ लाटायला घेतलं तर पोळपाटावर सांडेल नुसतं. फजिती होईल त्याची, तीही बायकोसमोर. तिने परात शोधली. खालच्या कप्प्यात होती. कोमट पाण्याचं भांडं घेतलं, तेल घेतलं, पदर खोचला आणि मळायला बसली. बसली म्हणजे खाली, जमिनीवर, दोन पाय पसरून, मध्ये परात.

पहिल्यांदा पिठाने आढेवेढे घेतले. हातांना लोणी लागलं, बोटं माखली, मग पाण्याचा हबका मिळाल्यावर ते हळूहळू शहाणं झालं. तळव्याचा दाब, मुठीचा दाब, घडी, फिरव, परत दाब. खांद्यांतून काहीतरी सैल होत होत दंडांत उतरलं. चार दिवस ज्या हातांना ती मांडीवर ठेवून सांभाळत होती ते हात आता तिचे झाले. ती काहीतरी गुणगुणत होती हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला हसू फुटलं. लग्नानंतरच्या त्या दीड महिन्यात एकदा असंच ती मळत असताना तो मागून येऊन उभा राहिला होता, आणि सासूबाई खोकल्या म्हणून निघून गेला होता; त्याला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं, मग विमान आलं, मग पत्रं, मग पोस्टाच्या टेलिफोनवरचे तीन मिनिटांचे कॉल, त्यात दोघंही एकमेकांना तब्येत विचारणार. पीठ आता लखलखीत झालं होतं. एक ठिपका नाही, एक भेग नाही. तिने कानाच्या पाळीला हात लावून पाहिला, मग पिठाला. तसंच. वर तेलाचं बोट फिरवून, ओलं फडकं झाकून तिने ते ओट्यावर ठेवलं, नारळाचं दूध काढलं, आणि परत खुर्चीत येऊन बसली. ती इतकी खूश होती की तिला खिडकीतून ओरडून कबुतरांना सांगावंसं वाटलं. या घरात तिने काहीतरी केलं होतं.

तो परत आला तेव्हा घामेजला होता. हिरवी सफरचंदं, दोन लिंबं. पाय न धुताच कामाला लागला. सफरचंदाची साल त्याने एका सलग पट्टीत काढली, रंध्याखालून ढलपी निघावी तशी. मग कापं. प्रत्येक काप दोन सूत जाडीचं, एकाला दुसऱ्यावर ठेवलं तर कडा जुळतील असं. गॅसखालच्या भट्टीतल्या जाळीवर त्याने पाणसळ ठेवून पाहिली, तिच्यातला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत एका बाजूला पत्र्याची चकती सरकवली. हे सगळं बघताना नर्मदा रंगून गेली होती. आपला नवरा देखणा आहे, असं तिच्या मनात दहा वर्षांत पहिल्यांदा आलं, आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत लाजली.

मग त्याने फ्रिज उघडला. आत बघितलं. मग ओट्यावरचं फडकं उचललं.

त्याने एका बोटाने पीठ दाबून पाहिलं.

"ह्या मळलंस?"

"होय. नुसतो भुगो होतो. पसरला असता लाटताना."

तो पिठाकडे बघत होता. तिने पाहिलं, त्याचे कान लाल होत चालले होते, आधी वरच्या कडा, मग पाळ्या. मग त्याने फडकं परत घातलं, नीट चारी बाजूंनी.

"बरा केलंस," तो म्हणाला.

आणि नर्मदेच्या अंगावर काटा आला. कारण हे तेच दोन शब्दांचं बोलणं होतं. हाच आवाज, हीच खाली घातलेली मान. हे खोटं होतं, ते त्याच्या कानांवर लिहिलेलं होतं. आणि गावी पाटावर बसलेला असताना तिने कधी त्याचे कान पाहिलेच नव्हते, ती ताटाकडे बघत असायची. म्हणजे ते सगळं? ती आमटी, ते घावन, त्या साडेनऊ महिन्यांतला प्रत्येक घास, ज्याच्यावर तिने रात्री काढल्या? तिला एकाएकी आपण कुठे आहोत ते कळेना. चुकलं तरी सांगत नाही हा माणूस. आवडलं तरी सांगणार नाही. अशा माणसाबरोबर इथे राहून तिने आणखी तीस वर्षं नुसतं बरं वाटून घ्यायचं?

"काय चुकला माझा?" ती उठून उभी राहिली.

"काय नाय."

"कान लाल झालेत तुमचे."

"जिने चढान इलंय."

"खरा सांगा."

"काय नाय गो. चलतला ह्या. तू बस."

"तर मगे माझा तिकीट काढा," नर्मदा म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "पंधरा दिवस कित्याक, उद्याच काढा. बसूक मी माझ्या घरात बसान."

तो वळला. हातात सुरी, सुरीला सफरचंदाचा रस. आणि मग दहा वर्षांचं साचलेलं तोंडाला आलं.

"मळूचा नसता ता," तो ओरडला. "लोणी थंड रवाक व्हया. हात लागलो काय वितळता, आणि मळला काय पिठाचा चामडा होता. लिवन ठेवलंय, हे बघ, डोळ्यांसमोर ठेवलंय." त्याने प्लायवूडचा तुकडा तिच्यापुढे धरला. कप, चमचे, मिनिटं, सफरचंदाच्या कापांची सूत-मापं, आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित करून, मळू नये. "तीन आठवडे त्या बायेच्या किचनात मान वाकडी करून बघलंय. पयलो तुकडो खाल्लंय तेव्हा माका वाटला, ह्या नर्मदेक घालूक व्हया. दोन वर्सां ही फळी उशाक घेवन झोपलंय. उस्मान हसता माका. ह्यो ओटो तुझ्या कोपराच्या उंचीचो केलंय, तू दाराक उभी आसताना माप घेतलंय मागच्या खेपेक, तुझ्या नकळत. आणि तू पाच मिनटांत सगळ्याची वाट लावलंस."

"धा मिनटां," नर्मदा म्हणाली. "धा मिनटां मळलंय मी."

"धा मिनटां," तो म्हणाला आणि कपाळावर हात मारून घेतला.

तिच्या छातीत काहीतरी जोरजोरात वाजत होतं. राग होता तो, नक्की राग होता, पण त्याच्या तळाशी अशी काही उकळी फुटत होती की तिला भीती वाटली, आपण आता हसून सगळं घालवू. नवरा तिच्यावर ओरडत होता. तिच्या उंचीचा ओटा. ती पुढे सरकली.

"आणि आमटी? तिरफळांची आमटी? ती बरी होती काय नव्हती?"

त्याने फळी परत भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "तिरफळां माका आवडनत नाय."

"कधीपासून?"

"जल्मापासून."

"मगे दोनदा बरा झाला कित्याक म्हटलात?"

"दोन म्हयन्यांसाठी येवचो माणूस मी," शत्रुघ्न म्हणाला, आता ओरडणं संपलं होतं. "नवी चटई काढतास. मधलो तुकडो वाढतास. पावण्यान कशाक नावां ठेवूची? माका माझ्याच घरात पाणी मागताना लाज वाटा."

नर्मदा ऐकत होती. तिला त्याच्या हातातली सुरी काढून घ्यावी, त्याच्या त्या लाल कानांना हात लावावा असं वाटत होतं, पण आता तिची पाळी होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती. "तुमी हाडलास ता अत्तर माझ्या डोक्यात जाता," ती म्हणाली. "चारय खेपेचा समिधाच्या मास्तरणीक देवन टाकलंय."

"सगळा?"

"सगळा. आणि बॅटऱ्यो आठ जमल्यात घरात. आमच्याकडे तितको काळोख नाय."

यावर तो बघत राहिला. त्याचा ओठ हलला. आधी नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले, आणि मग तो ओट्याला टेकून इतका हसला की सुरी खाली ठेवावी लागली. नर्मदा हसली नाही, हसू दाबून ठेवलं तिने बराच वेळ, पदराने तोंड झाकून. शेवटी पदराआडूनच तिचा श्वास फुटला. बाहेर मशिदीत शुक्रवारचं प्रवचन लाऊडस्पीकरवरून चाललं होतं आणि रस्ता अगदी रिकामा होता.

पीठ टाकून द्यायचं नाही यावर मात्र दोघांचं एकमत झालं. त्याने ते लाटलं. ते पुन्हा पुन्हा आखडत होतं, आणि प्रत्येक वेळी तो तिच्याकडे बघत होता, आणि ती दुसरीकडे. थाळीत ते बसवून त्याने वर कापं मांडली, कौलं शाकारावीत तशी, एकावर एक चढवून, बाहेरून आत गोल. पॉलिशच्या कोऱ्या ब्रशने जर्दाळूचा जॅम फिरवला. भट्टीतून वास यायला लागला तेव्हा नर्मदेचं बोलणं तोंडातच राहिलं. लोणी, करपू पाहणारी साखर, आंबटगोड वाफ. हा वास तिला कुठल्याच घराचा आठवला नाही, आणि तेच तिला आवडलं. कोणाच्या आठवणीतून उसना आणलेला नव्हता. आधी जेवण झालं, जमिनीवर बसून, दोघांनी एकदमच. पिठी-भात तिने दोनदा घेतला आणि म्हणाली, "मीठ उणा आसा." उणं नव्हतं. तो म्हणाला, "उणा नाय." वाद झाला, थोडाच. भात चार माणसांचा उरला.

टार्ट कापताना सुरी वरच्या फळातून लोण्यासारखी गेली आणि खाली अडकली. त्याने जोर लावला. मग उठून हत्यारांच्या पेटीतून रुंद पटाशी आणली, धुतली, पुसली आणि हातोडीने एक ठोका मारून तुकडा पाडला. नर्मदेने खाल्ला. वरचं सफरचंद जिभेवर विरघळलं. खालचं कवच ती चावत राहिली, चावत राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कसा झालाहा?" त्याने विचारलं.

"वातड," ती म्हणाली.

"वातड," तोही म्हणाला, आणि दुसरा तुकडा घेतला.

दोन सफरचंदं शिल्लक होती आणि अर्धं लोणी. थाळी रिकामी झाल्यावर नर्मदा उठली, तिने परात पुसून घेतली आणि मैदा मोजला, फळीवर बघून. तो तिच्या मागे उभा राहिला. थंड लोण्याचे तुकडे तिने पिठात टाकले आणि बोटांच्या टोकांनी चोळायला लागली. तळहात सारखा आत जाऊ पाहत होता. वीस वर्षांची सवय होती त्याची. "मळू नको," तो म्हणाला. "मळूक नाय," ती म्हणाली. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. भुगा तयार होत होता, गार, हलका, बोटांतून निसटणारा, आणि तिला कळत होतं की हे अर्धवट वाटणारंच पुरं आहे, इथेच थांबायचं.

"फुडल्या शुक्रवारी माझ्याआधी पिठाक हात लावलंस तर बघ," तो म्हणाला.

"फुडल्या शुक्रवारी मी हय आसतलंय म्हणान तुमका कोणी सांगितला?"

ती वळली नाही. बोटं चालूच ठेवली. "तुमी खंय सांगितलात? तुझी मर्जी म्हटलात. माझी मर्जी माका म्हायत आसा. तुमची खंय आसा?"

पाण्याच्या नळाला थेंब धरला, पडला.

"रव," शत्रुघ्न म्हणाला. घसा खाकरून परत म्हणाला, "तू माका हय व्हयी. समिधा व्हयी. माका आता एकट्याक रवाक जमना नाय. रव हय."

नर्मदेला वाटलं होतं की हे ऐकलं तर ती रडेल. रडू आलं नाही. आला तो एक मोठा, मोकळा, वैतागाचा सुस्कारा, दिवसभर उन्हात उभं करून ठेवलेल्या माणसाला शेवटी पाणी मिळावं तसा. तिने पिठाने माखलेल्या हाताच्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले.

"पासपोर्ट बॅगेत आसा," ती म्हणाली. "खालच्या कप्प्यात, साड्यांच्या तळाक. जावा, काढून ठेवा. माझे हात बरबटलेत."

तो गेला. चेन उघडल्याचा आवाज आला. मग आतून हाक आली, "गावना नाय."

"खालच्या कप्प्यात म्हटलंय मी."

"खालच्याच कप्प्यात बघतंय. हय नाय."

"हिरव्या साडयेखाली बघा," नर्मदा ओरडली. असं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ती नवऱ्यावर जन्मात ओरडली नव्हती. आवाज भिंतीला जाऊन आपटला आणि परत आला, तो तिला चांगला भरदार वाटला.

"हिरवी साडी नाय."

"आसा. डोळे उघडे ठेवन बघा."

धप्प. काहीतरी सगळंच्या सगळं जमिनीवर उपडं झालं. आता त्या साऱ्या साड्यांच्या घड्या पुन्हा तिलाच घालाव्या लागणार होत्या, आणि हे तिने त्याला तिथूनच, पिठातली बोटं न थांबवता, सविस्तर ऐकवलं.